गाणं संपेपर्यंत बसता यावं

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



मी नागपूरच्या प्रताप नगरातून तुमच्याशी बोलते आहे. दुपारची जेवणं आटोपली असतील, कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी गटाच्या बैठकीला निघायच्या तयारीत असेल. हातातलं काम चालू राहू द्या. आज मला कर्जाबद्दल किंवा शिलाई मशीनबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे मंडई, यात्रा आणि संगीत महोत्सवांबद्दल, आणि तिथे जमणाऱ्या गर्दीबद्दल. ही गर्दी गेल्या पन्नास-साठ वर्षांत कशी बदलली आणि त्या बदलात आपण बायका कुठे बसलो, एवढाच विषय आहे.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं. म्हणजे झाडीपट्टी. तिकडच्या मैत्रिणींना मंडई सांगायला नको, पण वऱ्हाडातल्या आणि इतर भागातल्या श्रोत्यांसाठी सांगते. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, खडी गंमत. लेकी-जावई, सोयरे-धायरे घरी येतात. एखाद्याच्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही त्यातच उरकतो. आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथल्या नाटक मंडळ्या येतात. पेटी, तबला, ऑर्गन असं जिवंत संगीत, मधूनमधून गाणी, आणि पडदा पडतो तो पहाटे. हा हंगाम थंडीभर चालतो. याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांत आपल्याच माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

मी सातवीत होते तेव्हाची मंडई मला चांगली आठवते. आमच्या घरी पंधरा-वीस पाहुणे होते. आई पहाटेपासून चुलीपुढे. वडे, कढी, पाटोडीचा रस्सा, भाताची हंडी उतरली की दुसरी चढायची. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी घासून झाली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. मग आई, आत्या, मी आणि शेजारच्या काकू गोधडी घेऊन नाटकाला निघालो. पुढच्या जागा गड्यांनी धरलेल्या. बायका मागे, एका बाजूला. तिथून नटाचं तोंड दिसायचं नाही, पण आवाज यायचा. मी थोड्या वेळाने आईच्या मांडीवर झोपून जायची.

आणि मैत्रिणींनो, पहाटे चार वाजता आई मला हलवून उठवायची. “चाल वं, दूध काढाचं हाये.” नाटक अजून तासभर बाकी असायचं. पण गाय थांबत नव्हती, सडा थांबत नव्हता, आणि दिवस उगवला की धानाच्या कापणीला जायचं होतं. गडीमाणसं शेवटपर्यंत बसायची, कारण घरी गेल्यावर त्यांना चहा तयार मिळणार होता. दुसऱ्या दिवशी आई बांधावर बाबांना विचारायची, “मंग शेवटी त्या पोरीचं काय झालं?” बाबा कधी सांगायचे, कधी “झालं काहीतरी” म्हणून टाळायचे.

माझ्या आईने आयुष्यात कितीतरी नाटकं पाहिली. त्यांतल्या एकाचाही शेवट तिने पाहिला नव्हता.

हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जेव्हा ‘पूर्वीचे महोत्सव’ म्हणेन, तेव्हा ही गोष्ट तुमच्या मनात असू द्या. पूर्वीचं सगळं चांगलं आणि आताचं सगळं वाईट, असं म्हणणारी माणसं बहुतेक पुढच्या रांगेत बसलेली असतात.

आता जरा पुण्याकडे जाऊ. आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यांत नावाजलेला संगीत महोत्सव म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. सवाई गंधर्व हे मोठे गवई. मूळ नाव रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ साली ते गेले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या आठवणीसाठी १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. सुरुवातीला थोडेथोडके रसिक होते. वाढत वाढत तो इतका वाढला की रमणबाग शाळेच्या मैदानावर हजारो माणसं बसू लागली. डिसेंबरची कडाक्याची थंडी, अंगावर शाली-कांबळी, थर्मासमध्ये चहा, आणि सलग तीन रात्री गाणं. रात्री उशिराचे राग रात्री उशिरा, पहाटेचे राग पहाटे. भीमसेनजी शेवटी गायचे आणि मग सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावून उत्सव संपायचा. २०११ साली भीमसेनजी गेले, तेव्हापासून त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं.

या महोत्सवाची एक बाजू मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटते. सवाई गंधर्वांच्या शिष्यांमध्ये गंगूबाई हनगल होत्या. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्या गाणं शिकल्या. त्या काळात चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत गाऊ नये असा समज होता. गाणाऱ्या बाईला लोक ऐकायचे आणि पाठीमागे नावंही ठेवायचे. गंगूबाईंनी ते सोसलं आणि नव्वदी ओलांडेपर्यंत गाण्याची साथ सोडली नाही. २००९ साली त्या गेल्या. त्यांच्या आधीच्या हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून, रंगमंचावर मानाने बसून मैफल करणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये त्यांचं नाव येतं. आणि अलीकडच्या डॉ. प्रभा अत्रे. आकाशवाणीत नोकरी केली, गाणं शिकवलं, पुस्तकं लिहिली. भीमसेनजींचं गाणं थांबल्यावर सवाई गंधर्व महोत्सवाच्या समारोपाला अनेक वर्षं त्याच गायल्या. शेवटचं गाणं हे मानाचं स्थान असतं. ज्या परंपरेत बाईने चारचौघांत गायचं की नाही यावर वाद होते, त्या परंपरेच्या सगळ्यांत मोठ्या उत्सवात समारोपाचं गाणं बाईचं झालं. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी प्रभाताई गेल्या.

म्हणजे रंगमंचावरची जागा बायकांनी मिळवली. पण समोर बसायच्या जागेचं काय?

इथे एक कायदा मधे येतो. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक, म्हणजे आपला भोंगा आणि स्पीकर, लावायचा नाही. बंद सभागृहात, आवाज बाहेर जाणार नाही अशा ठिकाणी चालतं. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे नियम पाळायलाच हवेत असं बजावलं.

झालं! रात्र-रात्र चालणारे महोत्सव दहाच्या आत आवरू लागले. सवाई गंधर्वच्या तीन रात्री गेल्या आणि त्याऐवजी चार-पाच दिवस, दुपारपासून रात्री दहापर्यंत असा कार्यक्रम होऊ लागला. जुन्या रसिकांना फार वाईट वाटलं. आणि त्यांचं दुःख खोटं नाही. पहाटेचा राग पहाटे ऐकायची मजा वेगळीच. आपल्या काकड आरतीतली भूपाळी तुम्ही संध्याकाळी सहाला म्हणून पाहा, म्हणजे कळेल. सूर तेच, शब्द तेच, पण अंगावर तसा काटा येत नाही.

पण मैत्रिणींनो, त्याच बदलाने आणखीही काहीतरी केलं, आणि त्याबद्दल मी फारसं कोणाला बोलताना ऐकलं नाही. दहा वाजता संपणाऱ्या कार्यक्रमाला बाई जाऊ शकते. एकटी जाऊ शकते, मैत्रिणीबरोबर जाऊ शकते, लेकीला घेऊन जाऊ शकते. दहाला सुटलं तर साडेदहा-अकराला घरी. सकाळचं दूध, सकाळचा डबा चुकत नाही. रात्रीची मैफल गेली आणि संध्याकाळची मैफल आली, तेव्हा कोणाचं नुकसान झालं आणि कोणाला दार उघडलं, हे दोन्ही मोजायला हवं.

माझाच अनुभव सांगते. १९९३ साली लग्न होऊन मी प्रताप नगरात आले. आमच्या गल्लीत तेव्हा अजून मोकळे प्लॉट होते. गणपतीत तिथे मांडव पडायचा, एका रात्री ऑर्केस्ट्रा असायचा. घरून खुर्च्या न्यायच्या. सासूबाई म्हणायच्या, “गच्चीवरून ऐक, तेवढंच.” मी गच्चीवरून ऐकलं. बरीच वर्षं गच्चीवरूनच ऐकलं.

नागपुरात सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतराव आपल्या विदर्भाचे. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म. आईने एकटीने त्यांना नागपुरात वाढवलं, इथेच त्यांचं गाण्याचं शिक्षण सुरू झालं. १९८३ च्या ३० जुलैला ते गेले. त्यांच्या आठवणीसाठी नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र जुलैच्या अखेरीस संगीत समारोह करतं. माझी मुलगी दहावीत असताना एकदा तिच्या शिक्षिकेने तिला सांगितलं, जाऊन ऐकून ये. तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी गेले. अशी मी पहिल्यांदा मैफलीत बसले. लेकीच्या निमित्ताने! खुर्ची होती, पंखा होता, बायकांचं स्वच्छतागृह होतं. हसू नका. स्वच्छतागृह आहे की नाही यावरच बाई कार्यक्रमाला किती वेळ बसेल हे ठरतं. मंडईत आम्ही संध्याकाळपासून पाणी प्यायचंच टाळायचो.

दुसऱ्या वर्षी मी आईला गावाहून बोलावून घेतलं. पाऊस धो-धो पडत होता. आई सभागृहात शिरताना चप्पल बाहेर काढायला लागली, देवळात जाताना काढतो तशी. मी म्हटलं, राहू दे. गाण्यातलं फार काही तिला कळलं असं नाही, पण ती हलली नाही. साडेनऊच्या पुढे गायकाने भैरवी सुरू केली. मैफल भैरवीने संपवायची रीत आहे. आपल्या भजनी मंडळातही शेवटी भैरवीच म्हणतात, तेव्हा आईने ती ओळखली. टाळ्या झाल्या, दिवे लागले, लोक उठले. आई बसूनच. मला म्हणाली, “झालं का?” मी म्हटलं, “हो, झालं.” ती म्हणाली, “पुरं झालं?” मी म्हटलं, “पुरं झालं.” तेव्हा कुठे ती उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “आज मी शेवट आयकला बाई.”

आता अलीकडचं बोलू. आज नागपूरची गर्दी खूप बदलली. २०१७ पासून इथे खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो. ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचं मैदान माणसांनी भरून जातं. प्रवेशिका मोफत असतात. मोठमोठे पडदे लावलेले असतात, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या बाईलाही गाणाऱ्याचं तोंड दिसतं. माझ्या आईच्या वेळी हा पडदा असता तर, असं माझ्या मनात येतंच. आता मेट्रोने सीताबर्डीहून सुभाष नगरला उतरलं की आम्हा प्रताप नगरच्या बायकांना घर जवळ. आमच्या मंडळातल्या सहा-सात जणी मिळून जातो, मिळून येतो.

पण गर्दीची सवयही बदलली. पूर्वी माणूस ऐकायला यायचा आणि ऐकलेलं डोक्यात घेऊन जायचा. आता हात वर, हातात मोबाइल, आणि मागच्याला गाणाऱ्याऐवजी पुढच्याचा मोबाइल दिसतो. गायकाने एक ओळ सुरू केली की मैदानच पुढचं गातं. काहींना हे आवडत नाही. मला यात दोन्ही वाटतं. एकत्र गाण्यात आनंद आहे, आपण भजनात तेच करतो. पण गाणं ऐकायला थोडा धीर लागतो. आलाप चालू असताना “मुख्य गाणं कधी?” म्हणून मागे वळून गप्पा मारायच्या, हे बरं नाही. लेकरांना हा धीर शिकवायचा तर आपल्यापासून सुरुवात करावी लागेल. मीसुद्धा एकदा मधेच भाजीचा भाव सांगत बसले होते. पुढच्या काकूंनी वळून नुसतं पाहिलं. पुरे झालं तेवढं!

आता मुद्द्याचं आणि अवघड बोलते. गावाकडचं.

आमच्या माहेरच्या गावात मंडई अजून भरते. पण काही वर्षांपूर्वी तिथे डीजे आला. एक ट्रॅक्टर, त्यावर माणसाच्या उंचीचे डबे. माझ्या भाच्याची बायको तेव्हा बाळंतीण होती, बाळ वीस दिवसांचं. मी तिथेच होते. डीजे घरासमोरून जात होता आणि थांबला. छताचे टिनाचे पत्रे थरथरत होते. पाळण्याला बांधलेले घुंगरू कोणी हात न लावता वाजत होते. बाळ रडत होतं हे आम्हाला त्याचं तोंड पाहून कळत होतं, आवाज ऐकू येत नव्हता. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी दारं लावून घेतली. मंडई बाहेर आणि बायका आत. दंडारीची जागा गेली, भजनाची गेली. आईच्या वेळी बायका निदान मागच्या बाजूला तरी बसत होत्या. आता त्या मैदानातच नव्हत्या.

आवाजाचं गणित समजून घ्या, बैठकीत सांगायला उपयोगी पडेल. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं, तिथे मर्यादा आणखी कमी. कानाच्या दृष्टीने पाहिलं तर ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त राहू नये असं मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. असं करत करत १०० डेसिबलला फक्त पाव तास उरतो. आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी ऐकण्याचं काम करतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. ट्रॅक्टरसमोर चार-चार तास नाचणारी पोरं आपलीच आहेत. त्यांच्या कानांची काळजी आपण नाही तर कोण करणार?

पुढच्या वर्षी गावातल्या बचत गटांच्या बायकांनी ठरवलं. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. या बायकांनी ती खरोखर घेतली. मागण्या साध्या होत्या. डीजे वस्तीत नको. गावाबाहेरच्या मैदानावर आणि ठरल्या वेळेतच असू द्या. भजनी मंडळाला रंगमंचावर एक तास द्या. बायकांच्या बाजूला दिवा हवा आणि आडोसा करून स्वच्छतागृह हवं.

पोरं चिडली. माझा भाचाच मला म्हणाला, “आत्या, तुमच्या भजनाले कोन येईन? पोट्टे नाचाले येतेत.” मला त्याचा राग आला नाही. त्याचं म्हणणं एका अर्थी खरं होतं. वर्षभर पुण्या-नागपूरला कंपनीत राबून पोरं दिवाळीला गावी येतात. नाचायची जागा त्यांना दुसरी कुठे आहे? आमच्या मागणीत त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. मग बायकांनी त्यांनाच विचारलं, तुम्हीच सांगा कसं करायचं. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं. संध्याकाळी सहाला भजनी मंडळ, मग पोरांचा नाच मैदानावर, आवाज बेताचा, आणि मग नाटक.

जमलं का? सगळं नाही जमलं. दिवा लागला, आडोसा झाला. भजनाच्या तासाला पहिल्या वर्षी चाळीस बायका आणि सात गडी होते. डीजेचा आवाज ठरल्यापेक्षा वरच गेला. पण वस्तीत आला नाही. आणि नाटकाचा पेच अजून सुटला नाही, तो खरा पेच आहे. नाटकाला रात्र लागते. जो नियम डीजेला, तोच नाटकाच्या भोंग्यालाही. तिथे “आम्ही कलावंत आहोत, आम्हाला सोडा” असं म्हणून चालत नाही. मंडळ्यांचं पोट त्या हंगामावर आहे. गावातल्या बायका आता म्हणतात, नाटक लवकर सुरू करा, थोडं आटोपशीर करा. जुने शौकीन म्हणतात, मग ते झाडीपट्टीचं नाटक कसलं? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. माझं मत विचाराल तर मी आईच्या बाजूने आहे. ज्याचा शेवट घरच्या बाईला पाहता येतो, तेवढं नाटक मला लांब वाटतं.

मोठी गर्दी म्हणजे मोठा आवाज असं काही नाही, हे आपल्या विदर्भाने दाखवलेलं आहे. गुरुकुंज मोझरी तुम्हाला माहीत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेतली आणि गावच्या गाव भजनाला बसवलं. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर वेगळा अध्याय आहे. १९६८ च्या ११ ऑक्टोबरला ते गेले. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत लाखो माणसं जमतात. सात-आठ दिवस भजन, खंजिरी, कीर्तन चालू असतं. आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या जाण्याच्या वेळी, सगळे मौन पाळतात. लाखो माणसं आणि आवाज नाही. माझ्या शेजारच्या काकू दरवर्षी जातात. त्या म्हणतात, “तेवढ्या वेळात शेजारच्या अनोळखी बाईचा श्वास ऐकू येते.” लाखोंच्या मैदानात ज्याला हे ऐकू आलं, त्याला गाणंही ऐकू येईल.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात सप्ताह असेल, यात्रा असेल, मंडई असेल, गणपती-देवी असेल. कार्यक्रम ठरवायची बैठक होते तेव्हा आपण बहुतेक स्वयंपाकघरात असतो आणि महाप्रसादाला किती पोळ्या लागतील एवढंच आपल्याला विचारतात. या वर्षी त्या बैठकीत दोघी-तिघी जाऊन बसा. काय बोलायचं ते सांगते.

पहिलं, वेळ. कार्यक्रम किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, हे कागदावर लिहून घ्या. भोंग्याची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते, ती कोणाच्या नावाने घेतली ते विचारा. वेळेनंतर त्रास झाला तर ११२ वर फोन करता येतो, पण आधी गावात बोलून पाहा. फोनने आवाज बंद होतो, शेजार मात्र तुटू शकतो.

दुसरं, जागा. बायकांची बाजू पुढे घ्या, मागे नको. मागच्या बाजूला दिवा हवाच. म्हाताऱ्या बायकांसाठी चार खुर्च्या. स्वच्छतागृह जवळ आणि उजेडात. भोंग्याचं तोंड पाळणाघराकडे, दवाखान्याकडे, बाळंतिणीच्या घराकडे नको.

तिसरं, परतीची सोय. शेजारच्या गावाहून बायका येणार असतील तर जाताना गाडी कोणाची, हे आधी ठरवा. “पाहू नंतर” म्हटलं की बाई येतच नाही.

चौथं, स्वयंपाक. ज्या दिवशी गाणं आहे त्या दिवशी जेवण साधं ठेवा, आणि वाढायला-आवरायला गड्यांची पाळी लावा. हे बोलायला सोपं नाही, मला माहीत आहे. आमच्या घरी हे व्हायला वीस वर्षं लागली. पण बाईला दिवसभर चुलीपुढे ठेवून रात्री “ये ऐकायला” म्हणण्यात काही अर्थ नाही. ती येईल आणि झोपेल.

पाचवं, रंगमंच. आपल्या भजनी मंडळाला, शाळेतल्या पोरींना एक वेळ मागून घ्या. आणि बाहेरून कलावंत बोलावले, विशेषतः बाई कलावंत असतील, तर त्यांच्या मानधनाची रक्कम आधी ठरवा, वेळेवर द्या, कपडे बदलायला कडी असलेली खोली द्या. आपल्या गावात आलेली कलावंत ही आपली पाहुणी आहे.

आणि सहावं, तरुण पोरांना सोबत घ्या. त्यांना बाहेर ठेवून केलेला कार्यक्रम दोन वर्षं चालतो, तिसऱ्या वर्षी बंद पडतो.

माझी आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला कमी ऐकू येतं. गेल्या मंडईत भजनाच्या तासाला तिला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. माझ्या वहिनीचं मंडळ गात होतं. ऐकू किती आलं देव जाणे, पण ती वहिनीच्या हातातल्या टाळांकडे पाहून मांडीवर ताल धरत होती. मधे भाचा आला, तोच डीजेवाला, आणि म्हणाला, “आजी, थंडी वाजते, घरी चाल.” आईने त्याला खूण केली, थांब. भैरवी झाली, गजर झाला, आणि मग तिने हात पुढे केला, उठव म्हणून.

तुमच्याही गावात प्रत्येक बाईला गाणं संपेपर्यंत बसता यावं, एवढीच इच्छा सांगून मी थांबते. पुढच्या गट बैठकीत हा विषय काढा. तुमच्या गावात पूर्वी कोणता कार्यक्रम व्हायचा, त्यात बायका कुठे बसायच्या, आता कुठे बसतात, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहून ठेवा. त्यांच्यानंतर हे सांगायला कोणी उरणार नाही.